दीडशे अक्षरांतील संगीत : अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशअर्जातील संगीतविषयक नोंदीची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेबरोबरच आपल्या अभ्यासेतर जीवनाचाही हिशेब सादर करावा लागतो. हा हिशेब मांडण्याचा सर्वाधिक प्रचलित नमुना म्हणजे ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा सामाईक प्रवेशअर्ज होय. १९७५ साली १५ महाविद्यालयांनी एकत्र येऊन तो सुरू केला, १९९८ पासून तो संगणकावर भरता येऊ लागला आणि आज एक हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. या अर्जात अभ्यासेतर उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत पद किंवा नेतृत्व यासाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १०० आणि कार्याच्या वर्णनासाठी १५० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. त्याखेरीज कोणत्या इयत्तांत सहभाग होता, आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हे आकडे द्यावे लागतात. उपक्रमांच्या यादीत संगीताला दोन स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत : गायन आणि वादन.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय वरवर दूरचा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अकरावी-बारावीचे वर्ग आपल्याकडे बहुधा महाविद्यालयांनाच जोडलेले असल्याने, परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा शालेय अहवाल आणि शिफारसपत्रे याच संस्थांतून जातात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलेही तबला, हार्मोनियम, गायन यांचे शिक्षण घेऊन हाच अर्ज भरतात. त्यामुळे या नोंदीचे लेखन कसे होते, त्यात संगीताचा कोणता अंश टिकतो आणि कोणता गळतो, हा प्रश्न आपल्याही चिकित्सेचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात या नोंदीकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहिले आहे. या लेखनप्रकाराची घडण शालेय वाद्यवृंदाच्या संस्कृतीतून झाली असून हिंदुस्थानी संगीतातील सर्वांत मौलिक असे काही त्यात सहजासहजी मावत नाही. तरीही हे नुकसान अर्जाच्या रकान्यांपेक्षा ते कसे भरावेत याविषयीच्या रूढ सल्ल्यामुळे अधिक होते, अशी या लेखाची मांडणी आहे.

रकान्यांची पार्श्वभूमी

प्रवेशासाठी केवळ परीक्षेतील गुण न पाहता उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व पाहावे, हा विचार अमेरिकेतील प्रतिष्ठित विद्यापीठांत १९२० च्या दशकात दृढ झाला. त्यामागील हेतू निखळ शैक्षणिक नव्हते. जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचा इतिहास तपासून असे दाखविले आहे की, ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी ‘चारित्र्य’ या निकषाचा वापर करण्यात आला. अभ्यासेतर उपक्रमांना पुढे आलेले महत्त्व याच ‘समग्र मूल्यमापना’च्या परंपरेतील आहे. म्हणजे ज्या निकषाला आज उदार मानले जाते, त्याच्या मुळाशी निवड करण्याइतकाच वगळण्याचाही हेतू होता.

हार्वर्डविरुद्धच्या खटल्याच्या २०१८ मधील सुनावणीत त्या विद्यापीठाची अंतर्गत मूल्यांकनपद्धती सार्वजनिक झाली. तीनुसार अभ्यासेतर कार्याला अंकांनी दर्जा दिला जात असे. पहिला दर्जा राष्ट्रीय पातळीच्या संभाव्य कामगिरीला, दुसरा शाळेतील ठळक योगदानाला व नेतृत्वाला, तर तिसरा सातत्यपूर्ण परंतु विशेष चमक नसलेल्या सहभागाला. घरच्या जबाबदाऱ्या किंवा शिकत असताना केलेली नोकरी यांसाठी पाचवा दर्जा स्वतंत्र राखलेला होता. रूढ उपक्रमांच्या चौकटीबाहेरही मोलाचे काम असते, एवढे भान या पद्धतीत होते, हे मान्य केले पाहिजे.

या उतरंडीत संगीत सहज बसते, कारण अमेरिकी माध्यमिक शाळेत संगीत हा संस्थेच्या आतला व्यवहार आहे. शाळेचा बँड असतो, वाद्यवृंद असतो, समूहगायनाचे पथक असते. वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्यगटात पहिल्या खुर्चीचा वादक ठरलेला असतो, गटप्रमुख असतो आणि निवडचाचणीतून राज्यस्तरीय वाद्यवृंदात जाण्याची वाट असते. पद, संस्था, तास, आठवडे आणि पुरस्कार हे पाचही रकाने अशा विद्यार्थ्याला विनासायास भरता येतात. रकाने त्याच्या अनुभवाच्या मापानेच बेतलेले आहेत.

साथ, तानपुरा आणि विलंबित लय

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती निराळी असते. त्याचे शिक्षण बहुधा गुरूच्या घरी किंवा खासगी वर्गात होते. मैफलीत गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणे हा त्या शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. तेथे शिष्य सुराचा आधार देतो, खुणावले तर एखादी ओळ उचलतो आणि बाकी वेळ ऐकतो. हे ऐकणे हेच त्याचे शिक्षण असते. तबल्याच्या विद्यार्थ्याला कायदे, रेले, गती यांची तयारी करावी लागते, पण साथीला बसल्यावर त्याची परीक्षा निराळ्याच गोष्टीत असते. ठेका डळमळू न देणे, गायकाच्या विस्ताराला जागा देणे आणि आपली तयारी योग्य क्षणापर्यंत हातात राखून ठेवणे, हे उत्तम साथीचे गुण होत. ज्या कलेत संयम हीच सिद्धी मानली जाते, तिची नोंद ‘नेतृत्व’ या शब्दाखाली कशी करावयाची, हा येथील खरा पेच आहे. उपरोक्त उतरंडीत असा संगतकार बहुधा तिसऱ्या दर्जात, म्हणजे ‘चमक नसलेल्या’ सहभागात, जाऊन पडण्याचा धोका असतो.

हीच अडचण ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही दिसते. काही संस्था संगीतात विशेष गती असलेल्या उमेदवारांकडून ध्वनिमुद्रण मागवितात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी तंत्रशिक्षण संस्थाही संगीत व नाट्य यांसाठी स्वतंत्र कलासंग्रह स्वीकारते. परंतु असे मुद्रण काही मिनिटांत आटोपावे लागते. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन अतिविलंबित लयीत पाऊण ते एक मिनिट घेते. पाच मिनिटांत पाच-सहा आवर्तने होतात आणि तेवढ्यात रागाची बढत जेमतेम सुरू होते. त्यामुळे उमेदवार स्वाभाविकपणेच द्रुत बंदीश आणि तानांची निवड करतो. ऐकणाऱ्यापुढे वेग येतो, विचार येत नाही. येथे कोणाचा पक्षपात असेलच असे नव्हे. वेळेचे माप एका संगीतपद्धतीला सोयीचे आणि दुसरीला गैरसोयीचे ठरते, एवढेच.

तासांच्या रकान्यातही एक अडचण दडलेली आहे. अर्जात नववी ते बारावी या इयत्तांची विचारणा असते. महाराष्ट्रातील असंख्य घरांत दहावीच्या वर्षी गाण्याचा वर्ग थांबतो, अकरावीत तो पुन्हा सुरू होतो आणि बारावीत प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी पुन्हा थांबतो. अमेरिकी वाचकाला हा खंड अनास्थेचे लक्षण वाटू शकतो. तो लपविण्यासाठी तास फुगविण्याचा मोह येथूनच सुरू होतो.

सल्ल्याची भाषा आणि नोंदीची भाषा

रकान्यांच्या या मर्यादा मान्य केल्यानंतरही एक प्रश्न उरतो. आहे त्या चौकटीत चांगली नोंद लिहिता येते की नाही? यासाठी दोन काल्पनिक नोंदी मराठी रूपात शेजारी ठेवून पाहता येतील. दोन्ही नोंदी एकाच कल्पित तबलावादक विद्यार्थ्याच्या आहेत.

पहिली नोंद : ‘तबल्याविषयी उत्कट ओढ. शिस्त, चिकाटी व नेतृत्वगुण विकसित. प्राचीन भारतीय वारशाचे जतन व प्रसार करण्यास कटिबद्ध.’

दुसरी नोंद : ‘दर गुरुवारी मंदिरात भजनाला साथ. गुरूंच्या वर्गात सहा लहान मुलांना केरवा, दादरा शिकवतो. मध्यमा पूर्ण. सध्या विलंबित ख्यालाची साथ शिकत आहे.’

पहिल्या नोंदीत एकही गोष्ट तपासता येत नाही. तबल्याच्या जागी बुद्धिबळ किंवा कराटे घातले तरी वाक्ये जवळजवळ तशीच राहतील. विशेषणे विद्यार्थ्याविषयी बोलतात, संगीताविषयी काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या नोंदीत एकही गुणवाचक शब्द नाही, तरीही सातत्य, जबाबदारी आणि विनय हे तिन्ही गुण वाचकाला आपोआप जाणवतात. ‘सध्या शिकत आहे’ या तीन शब्दांत विद्यार्थी आपली इयत्ता प्रामाणिकपणे सांगतो. साहित्यसमीक्षेत ज्याला तपशिलाचे सामर्थ्य म्हणतात, ते दीडशे अक्षरांतही काम करते, याचा हा पुरावा होय.

असे असूनही पहिल्या प्रकारच्या नोंदी लिहिण्याकडेच कल का असतो? प्रवेशमार्गदर्शनाच्या रूढ सल्ल्यात ‘नेतृत्व दाखवा’, ‘प्रभाव दाखवा’, ‘ओढ दाखवा’ अशी क्रियापदे वारंवार येतात. वास्तविक अर्जाच्या रकान्यात ‘पद’ आणि ‘नेतृत्व’ हे दोन्ही शब्द आहेत. सल्लागार त्यांतील दुसराच वाचतो. ‘तबला संगतकार’ हे पद आहे, ‘तानपुरा-साथ’ हीसुद्धा भूमिका आहे, आणि दोन्ही ५० अक्षरांत सहज मावतात. तसेच उपक्रम स्वतःला वाटणाऱ्या महत्त्वाच्या क्रमाने लिहावेत, अशी अर्जाची सूचना आहे. मॅसॅच्युसेट्सची उपरोक्त संस्था आपल्या स्वतंत्र अर्जात चारच उपक्रम विचारते. दहाही जागा भरल्याच पाहिजेत, हा समज अर्जाने निर्माण केलेला नाही. या अर्थाने अर्ज त्याच्या भाष्यकारांपेक्षा अधिक उदार आहे.

अतिशयोक्तीचे टोक २०१९ साली उघड झालेल्या प्रवेश गैरव्यवहाराच्या प्रकरणात दिसून आले. जे विद्यार्थी खेळाडू नव्हतेच, त्यांची क्रीडाकारकीर्द कागदावर उभी करण्यात आली, त्यासाठी छायाचित्रेही बनविण्यात आली आणि संबंधित पालक व मध्यस्थ यांना शिक्षा झाल्या. तो गुन्हा होता, आणि फुगविलेली तबल्याची नोंद हा गुन्हा नव्हे. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : उपक्रम करणे दुय्यम असून तो दिसणे प्रमुख आहे.

‘वारसा’ या शब्दाविषयी स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा थेट विचार करण्यास मनाई केली. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम उमेदवाराने स्वतः लिहिण्यास अडसर ठेवला नाही. त्यामुळे स्वतःच्या सांस्कृतिक ओळखीविषयीच्या लेखनाचे वजन वाढले आहे. न्यू जर्सीत वाढलेली एखादी मराठी मुलगी अभंग गात असेल, तर ‘संस्कृतीची प्रतिनिधी’ अशी भूमिका घेण्याचा दबाव तिच्यावर येऊ शकतो. ती अभंग का गाते, याचे खरे उत्तर कदाचित आजीला आवडतो म्हणून, किंवा त्यातील एक जागा तिला अजून जमत नाही म्हणून, असे असेल. हे उत्तर लहान आहे, पण ते तिचे आहे. संस्कृतीच्या नावाने केलेली घोषणा मात्र कोणाचीही असू शकते.

गुणांकनाचे दोन पर्याय

वर्णनात इतके धोके असतील, तर संगीताला सरळ गुण द्यावेत, असा युक्तिवाद होऊ शकतो. त्याची दोन उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. ब्रिटनमध्ये १८८९ साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या आठ श्रेणींपैकी सहावी, सातवी आणि आठवी या श्रेणींना विद्यापीठप्रवेशाच्या गुणतक्त्यात स्थान आहे. गोवा आणि मुंबई येथे पाश्चात्त्य संगीत शिकणारे विद्यार्थी ज्या ट्रिनिटी कॉलेज, लंडनच्या परीक्षा देतात, त्यांच्या वरच्या श्रेणींनाही असेच स्थान आहे. महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांसाठी अतिरिक्त गुण देण्याची व्यवस्था आहे. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा हा तिचा आधार असतो.

या व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे ती पारदर्शक आहे. शब्दांची हातचलाखी येथे चालत नाही आणि महागडा सल्लागारही लागत नाही. पण तिची किंमतही ओळखली पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते घराण्यांच्या भिंतींआड राहिलेली विद्या सामान्य गृहस्थांपर्यंत पोहोचावी म्हणून. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी मिळवून, स्वरलिपीबद्ध करून त्या छापल्या, त्यामागेही हीच प्रेरणा होती. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी गावोगावच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचा क्रम दिला. या परंपरेत परीक्षा हे विद्याप्रसाराचे साधन होते. दहावीच्या गुणांशी तिचा सांधा जुळला की तीच उद्दिष्ट होऊन बसण्याची शक्यता वाढते. ठरलेले राग, ठरलेल्या ताना, सत्रामागून सत्र, आणि दहावीचा निकाल लागला की हार्मोनियम माळ्यावर, हे चित्र संगीतशिक्षकांना अपरिचित नाही. याची दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. गुणांच्या निमित्ताने का होईना, ज्या घरात कधी तानपुरा आला नसता तेथे तो येतो, आणि त्यांतील काही मुले पुढेही गात राहतात.

थोडक्यात, गुणांकनात संगीताची पायरी समजते, पण माणूस दिसत नाही. वर्णनात माणूस दिसण्याची शक्यता असते, पण त्याच वाटेने बनावटही आत शिरते. म्हणून दुसऱ्या नोंदीत ‘मध्यमा पूर्ण’ हे दोन शब्द महत्त्वाचे ठरतात. प्रमाणपत्राने वर्णनाला आधार मिळतो आणि वर्णनाने प्रमाणपत्राला अर्थ मिळतो.

शिफारसपत्र आणि अध्यापक

या प्रक्रियेत अध्यापकाचे स्थान कोणते? अमेरिकी शाळेतील संगीतशिक्षक विद्यार्थ्याला चार वर्षे रोज पाहतो आणि शिफारसपत्रात त्याविषयी लिहू शकतो. आपल्याकडे विद्यार्थी अकरावीत महाविद्यालयात येतो, शंभराहून अधिकांच्या तुकडीत बसतो आणि त्याचे संगीत महाविद्यालयाच्या आवाराबाहेर राहते. भौतिकशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या अध्यापकाला ते ठाऊक असण्याचे कारणच नसते. परिणामी शिफारसपत्रात ‘संगीतातही रुची आहे’ हे एक निर्जीव वाक्य येते आणि विद्यार्थ्याच्या नोंदीला पाठबळ मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात सर्वसाधारणपणे शिफारसपत्रे मागविली जात नाहीत. तेथे वर्णनाला ३५० अक्षरचिन्हे मिळतात, पण ते विद्यार्थ्याच्याच शब्दांवर उभे असते.

या उणिवेवर उपाय साधा आहे. शिफारसपत्र लिहिण्यापूर्वी अध्यापकाने विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारावेत. काय शिकतोस? कोणाकडे, किती वर्षे? ते कोणासाठी करतोस? आणि सध्या काय जमत नाही? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत बोलके असते, कारण जो खरोखर शिकत असतो त्यालाच आपली अडचण नेमकी सांगता येते. स्नेहसंमेलनात किंवा युवक महोत्सवात त्याने केलेली साथ स्वतः ऐकलेली असेल, तर तेवढेच लिहावे. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देऊ नये. वर्ग ज्या वर्षी थांबला होता, ते वर्ष का थांबला हे अध्यापकाने एका वाक्यात स्पष्ट केले, तर विद्यार्थ्याला तास फुगविण्याची गरजच उरत नाही.

हा विचार परदेशी अर्जापुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले असून त्यात प्रयोगजीवी कलांचाही समावेश आहे. म्हणजे विद्यार्थ्याच्या संगीताची नोंद करण्याचे दायित्व आता आपल्याच संस्थांवर येत आहे. तेथेही उपस्थितीचे तास आणि प्रमाणपत्रांच्या छायाप्रती एवढ्यावरच काम भागविले, तर ज्या उणिवांची चर्चा वर केली त्या आपल्या दप्तरात जशाच्या तशा उतरतील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती येतात. अमेरिकी प्रवेशअर्जातील संगीतविषयक रकाने शालेय वाद्यवृंदाच्या अनुभवावर बेतलेले आहेत आणि गुरुगृही होणारे शिक्षण, साथसंगत व विलंबित विस्तार यांची नोंद त्यांत अवघड होते. ही अडचण खरी असली, तरी रूढ सल्ला मानतो तितका अर्ज संकुचित नाही. पद म्हणजे नेतृत्वच, असे तो कोठेही म्हणत नाही. चांगली नोंद गुण सांगत नाही, काम सांगते. ती तपासता येईल असा तपशील देते आणि विद्यार्थी कोठवर पोहोचला आहे ते स्पष्टपणे मांडते. गुणांकनाच्या पद्धती बनावटीला आळा घालतात, परंतु त्या संगीताचा अर्थ सांगू शकत नाहीत. तो अर्थ शब्दांत आणण्याचे काम विद्यार्थ्याचे आहे, आणि त्या शब्दांना साक्ष देण्याचे काम अध्यापकाचे आहे. जो विद्यार्थी चार वर्षे दुसऱ्याच्या गाण्यामागे सूर धरून बसला, त्याच्याविषयी ‘याने सूर ढळू दिला नाही’ एवढे वाक्य कोणीतरी ऐकून, खात्रीने लिहावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.